उभ्या निवडुंगाचे नाव सापडत नाही तेव्हा: तपासणीचा क्रम

लक्षणे बहुधा अशी असतात. रोपवाटिकेच्या पावतीवर "कॅक्टस, मोठा" एवढेच लिहिलेले असते. मोबाइलमधील झाडे ओळखणारे अ‍ॅप तीन बाजूंनी काढलेल्या तीन छायाचित्रांना तीन वेगळी नावे देते. खोडाचा खालचा भाग मनगटापेक्षा जाड आणि ठसठशीत धारांचा असतो, तर वरचा भाग करंगळीएवढा, फिकट आणि जवळजवळ गोल होऊन भिंतीकडे कललेला असतो. आणले तेव्हा झाड निळसर होते, आता ते हिरवे दिसते. खाली काटे लांब आहेत आणि वर ते नुसते टोचण्यापुरते उरले आहेत. एखाद्या घरी तर मुळात हिरव्या देठावर लाल गोळा असलेले शोभेचे रोप होते. गोळा गेला आणि आता तिथे वीतभर उंचीचा अनोळखी खांब उभा आहे. यांपैकी दोन गोष्टी जुळत असतील, तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे.

गेली बारा-तेरा वर्षे नागपुरातील ओळखीच्या, आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या, गच्च्यांवर मी ही एकच दुरुस्ती करीत आले आहे: खांबासारख्या निवडुंगाला चिकटलेले चुकीचे नाव काढून टाकणे. माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा निरीक्षणाची नसते, ती जागेची असते. माणूस झाडाचे शेंड्याकडील, नव्या वाढीचे किंवा उन्हाने करपलेले टोक पाहतो आणि त्यावरून नाव ठरवतो. प्रत्यक्षात ओळख खोडाच्या मधल्या, उन्हात नीट वाढलेल्या हातभर भागात असते.

नाव कळल्याने काय बिघडते किंवा सुधारते, असे विचारणारे बरेच भेटतात. सेरियस नावाचा उभा निवडुंग असेल तर तो जमिनीत, निचऱ्याच्या उंचवट्यावर, आपल्याकडचा पावसाळा सहज काढतो. पांढऱ्या केसांचा 'म्हातारा' निवडुंग, म्हणजे मेक्सिकोतील सेफालोसेरियस सेनिलिस, काळ्या मातीत एका श्रावणात बुडाशी कुजतो. ड्रॅगनफ्रूटचे खोड मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पिवळे पडून भाजते, आणि थोराच्या कुळातील झाड असेल तर छाटणीच्या दिवशी घरातील मुलांना दूर ठेवावे लागते. चारही झाडे दुकानात मात्र एकाच ओळीत, एकाच नावाने उभी असतात.

पहिली तपासणी: हा निवडुंग आहे का?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटे, आणि निम्मी प्रकरणे इथेच मिटतात. मराठीत आपण निवडुंग हा शब्द सैल हाताने वापरतो. आपल्या शेताच्या कुंपणावरचा त्रिधारी निवडुंग आणि थोर ही दोन्ही झाडे वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने निवडुंग नव्हेत. ती युफोर्बिया प्रजातीतील, म्हणजे एरंडाच्या कुळातील आहेत. (प्रजाती म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट.) खरा निवडुंग कॅक्टेसी कुळातील असतो आणि हे कुळ मूळचे अमेरिका खंडांतील आहे. ऱ्हिप्सालिस बॅसिफेरा ही एकच जाती आफ्रिका आणि श्रीलंकेपर्यंत आपसूक पोहोचलेली आहे, आणि ती खांबासारखी मुळीच नसते, लोंबते.

फरक काट्याच्या मुळाशी पाहावा. निवडुंगाचे काटे एका लहानशा, लव असलेल्या गादीतून घोसाने निघतात. या गादीला एरिओल म्हणतात; ते खरे तर आखडलेले डहाळे आहे, त्यामुळे काटे, फुले आणि नवे फाटे त्यातूनच फुटतात. अशी गादी दुसऱ्या कोणत्याही वनस्पतिकुळात नाही, आणि म्हणून ही खूण सर्वांत भरवशाची. उभ्या युफोर्बियात काटे सहसा जोडीने, शिंगांसारखे, कडक सालीच्या तुकड्यातून निघतात आणि मुळाशी कापसासारखी लव नसते. पावसाळ्यात धारांच्या कडेला किंवा शेंड्याला पाने फुटत असतील, तर संशय आणखी पक्का होतो.

एवढे पाहून खात्री झाली असेल तर पुढची चीक-चाचणी करू नये. खात्री नसेलच, तर खोडाच्या मागच्या बाजूला, बुडाजवळ, शिवणाच्या सुईने एक टोचा मारावा. दुधासारखा पांढरा चीक लगेच आला तर ते झाड युफोर्बिया. उभ्या निवडुंगातून निघालाच तर पाण्यासारखा किंवा किंचित बुळबुळीत रस निघतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावे. आमच्या शेजारच्या बंगल्यातील माळीबुवांनी एकदा "कॅक्टस" छाटला, उन्हाने आलेला घाम त्याच बाहीने पुसला आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा उजवा डोळा उघडेना. दोन दिवस नेत्रतज्ज्ञांकडे खेपा झाल्या. ते झाड थोर होते. आयुर्वेदात स्नुही म्हणून ज्याचा चीक क्षारसूत्र या औषधी दोऱ्यासाठी वापरतात तेच हे झाड, तेव्हा त्या चिकाचा दाहकपणा काही नवा शोध नव्हे. नाव चुकल्यामुळे तो कोणाच्या लक्षात आला नाही, इतकेच.

दुसरी तपासणी: तुम्ही पाहता ते खोड कोणाचे?

लाल किंवा पिवळ्या गोळ्याचे जे रोप मिळते, ते दोन झाडांचे कलम असते. वरचा गोळा जिम्नोकॅलिशियमचा हरितद्रव्य नसलेला प्रकार असतो. त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही, म्हणून तो खालच्या हिरव्या, तीन धारांच्या खोडावर जगतो. ते खालचे खोड बहुधा ड्रॅगनफ्रूटचे असते. नागपूरच्या एक-दोन उन्हाळ्यांत गोळा सुकतो, खुंट फुटतो, आणि मालक मला विचारतात की, "काकू, हा कोणता दुर्मीळ निवडुंग?" खोडाच्या टोकाशी सपाट कापाची गोल खूण शोधावी. तीन धारा, कडेने हवेत निघालेली मुळे आणि आधाराला चढण्याची सवय दिसली की पुढे काही मोजायची गरज नाही.

तिसरी तपासणी: कोणता भाग मोजायचा?

हा टप्पा लोक गाळतात आणि मग धारांची संख्या चुकते. दिवाणखान्यात किंवा उत्तरेच्या गॅलरीत ठेवलेला उभा निवडुंग उजेडाच्या शोधात लांबतो. त्याचा वरचा भाग बारीक होतो, धारा उथळ होतात, काट्यांच्या गाद्या दूर दूर जातात आणि काटे आखूड राहतात. हा भाग जातीबद्दल काहीही सांगत नाही, तो फक्त तुमच्या खोलीबद्दल सांगतो. उलट अगदी बुडाशी साल तपकिरी आणि बुचासारखी होते. ती दाबून पाहावी: टणक असेल तर ते वय आहे, मऊ असेल तर कूज आहे, आणि कूज असेल तर ओळख बाजूला ठेवून शेवटचा भाग आधी वाचावा.

म्हणून मधला हातभर भाग निवडून तिथे सैल दोरा बांधावा आणि यापुढची प्रत्येक नोंद त्या दोऱ्याजवळ घ्यावी.

चौथी तपासणी: रंग, पण पुसून

रंगावर मी सर्वांत कमी विश्वास ठेवते, आणि त्याला कारण आहे. माझ्या स्वतःच्या गच्चीवर एक निळसर खांब होता. निळा म्हणून मी त्याला मिर्टिलोकॅक्टस या निळसर उभ्या निवडुंगाचे नाव दिले, तो लावला होता त्या रंगाच्या जुन्या डब्यावर तसे लिहिले आणि चार वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगितले. तो मिर्टिलोकॅक्टस नव्हता. ते कसे कळले, हे फुलांच्या भागात येईल.

द्राक्षावर असते तशी पांढुरकी मेणाची झाक अनेक उभ्या निवडुंगांच्या कोवळ्या खोडावर असते आणि तिच्यामुळे ते निळे दिसतात. बोटाने हलकेच घासले की बोटाचा हिरवा ठसा उमटतो आणि तो ठसा पुन्हा भरून येत नाही, त्यामुळे हा प्रयोग दर्शनी बाजूला करू नये. जुन्या खोडावरून ही झाक पावसाने, हाताळण्याने आणि वयाने निघून जाते, म्हणजे "आधी निळा होता" ही तक्रार म्हणून फार गंभीर नसते.

आपल्याकडे दोन खोट्या खुणा विशेष दिसतात. पहिली कूलरची. उन्हाळ्यात कूलरचे किंवा बोअरवेलचे जड पाणी खोडावर उडत राहिले की क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो थेट मेणाच्या झाकेसारखा दिसतो. लिंबाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने एका कोपऱ्यात पुसल्यास क्षार विरघळतो, मग साध्या पाण्याने तो भाग धुवावा. दुसरी पिठ्या ढेकूण या किडीची. त्याचा कापूस काट्यांच्या मुळाशी साचतो आणि लोक त्याला गादीची लव समजतात. दातकोरणीने उचलून पाहावे: लव प्रत्येक गादीवर सारखी असते आणि चिकटलेली राहते, ढेकणाचा कापूस कुठे आहे, कुठे नाही, आणि तो चिरडला की ओला, चिकट डाग पडतो.

पाचवी तपासणी: धारा

आता मोजायचे. दोऱ्याच्या ठिकाणी एका धारेला कपड्याचा चिमटा लावावा आणि तिथून फिरत यावे; चिमटा न लावता मोजणारे सहाच्या सात आणि साताच्या सहा करतात, मीही केल्या आहेत. धारांचे काम हार्मोनियमच्या भात्यासारखे असते: पाणी मिळाले की खोड फुगते, धारा उथळ दिसतात, उन्हाळ्यात ते आकसते आणि धारा खोल दिसतात. त्यामुळे खोली ऋतूप्रमाणे बदलते, पण त्या उंचीवरची संख्या बदलत नाही. झाड वाढताना मध्येच नवी धार सुरू होऊ शकते, म्हणून एका जातीची संख्या एकच नेमकी नसते, ती दोन-तीनने मागेपुढे होते.

धारा तीन ते पाच असतील आणि खोड बारीक, फाटे फुटणारे असेल, तर अ‍ॅकँथोसेरियसकडे पाहावे. बुटका, गजबजलेला 'फेअरी कॅसल' म्हणून विकतात तो त्यातलाच. साधारण पाच ते आठ धारा म्हणजे खरी गर्दीची जागा, कारण सेरियस, मिर्टिलोकॅक्टस, ट्रायकोसेरियस आणि मेक्सिकोत कुंपणाला लावतात तो पॅकिसेरियस मार्जिनॅटस हे सारे तिथेच येतात. धारा वीसच्या पुढे, खोड तीन-चार बोटे जाड आणि सगळे अंग पांढऱ्या मऊ काट्यांनी झाकलेले असेल, तर तो बहुधा बोलिव्हिया-अर्जेंटिनाकडचा क्लेइस्टोकॅक्टस स्ट्राउसी.

गर्दीच्या जागी धारेचा आकार संख्येपेक्षा जास्त बोलतो. सेरियसची धार पातळ, उंच आणि सपाट बाजूंची असते. ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी धरता येते, आणि खोड आडवे कापले तर चांदणी दिसते. ट्रायकोसेरियसची, म्हणजे सान पेद्रो म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडाची, धार रुंद आणि गोलसर असते आणि प्रत्येक गादीच्या वर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी घडी पडलेली असते. पॅकिसेरियस मार्जिनॅटसच्या धारेवर गाद्या इतक्या जवळ असतात की वरपासून खालपर्यंत खडूने रेघ ओढल्यासारखे दिसते. एकदा पाहिलेला माणूस तो पुन्हा चुकत नाही.

पिळाचे खोड किंवा गाठीगाठींचा वेडावाकडा 'मॉन्स्टर' प्रकार असेल, तर धारा मोजण्यात वेळ घालवू नये. हे बागेत निवडून वाढवलेले विकृत प्रकार आहेत आणि त्यांत बहुतेक सेरियसच असतात.

इथेच सग्वारोचा प्रश्नही मिटवून टाकते, कारण सिनेमातील वाळवंटामुळे प्रत्येक उंच खांबाला ते नाव मिळते. अ‍ॅरिझोनातील सग्वारो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो आणि त्याला पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. नागपुरातील प्रतापनगरच्या अंगणात आठ वर्षांत कंपाउंडच्या भिंतीवर गेलेले झाड सग्वारो असण्याची शक्यता नाही.

सहावी तपासणी: एकच गादी, नीट

भिंग किंवा मोबाइलचा जवळून काढलेला फोटो, आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी. लागोपाठच्या दोन गाद्यांमधले अंतर, लवेचा रंग, मधले काटे किती आणि भोवतीचे किती, हे लिहून घ्यावे. मिर्टिलोकॅक्टसमध्ये वयात आलेल्या खोडावर मधला एकच काटा काळसर, चपटा आणि कट्यारीसारखा असतो, भोवतीचे काटे आखूड असतात. ब्राझीलच्या निळ्या पायलोसोसेरियसमध्ये पिवळसर-सोनेरी काटे असतात आणि गाद्यांतून लांब पांढरे केस लोंबतात. सेरियसमध्ये काटे तपकिरी, संख्येने फार बदलणारे. काही झाडांवर जवळजवळ नसतातच. म्हणून "काटे नाहीत, म्हणजे सेरियस नाही" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. पाच गाद्या मोजाव्यात. एका गादीवरून काढलेले अनुमान मी स्वीकारत नाही, मग ते माझे असले तरी.

सातवी तपासणी: फूल

ही सर्वांत महाग तपासणी, कारण तिची किंमत वर्षांत मोजावी लागते. पण प्रजाती पक्की होते ती इथेच. माझ्या चार वर्षांच्या चुकीचा निकाल जुलैतील एका रात्री लागला. निळ्या खांबाच्या कडेला आठवडाभर एक कळी वाढत होती. ती मिर्टिलोकॅक्टसची असती तर एकाच गादीतून अनेक, बोराएवढ्या कळ्या आल्या असत्या आणि दिवसा हिरवट-पांढरी बारीक फुले उमलली असती. ही कळी एकटी होती आणि वीतभर लांब झाली. रात्री साडेनऊच्या सुमारास ती पाण्याच्या ग्लासाएवढी पांढरीशुभ्र उघडली. बॅटरीच्या उजेडात मी फुलाची नळी बोटाने चाचपली, तर ती गुळगुळीत होती, वर एखाद-दुसरा खवला, केस अजिबात नाही. सकाळी आठला फूल मिटून लोंबले होते. तो सेरियस होता. रंगाचा डबा मी त्याच दिवशी घासला.

ट्रायकोसेरियसचे फूलही मोठे, पांढरे आणि रात्री उमलणारे असते, पण त्याच्या नळीवर काळसर केस दाट असतात. म्हणून समोरून काढलेला सुंदर फोटो ओळखीला निरुपयोगी आणि बाजूने काढलेला कुरूप फोटो मोलाचा. क्लेइस्टोकॅक्टसची फुले लालसर, नळीसारखी, जेमतेम तोंड उघडणारी असतात.

फळ धरले तर उत्तमच: सेरियसचे फळ बिनकाट्याचे, पिकल्यावर उलणारे, आत पांढरा गर आणि काळ्या बिया. मात्र बहुतेक सेरियसना फळासाठी दुसऱ्या, वेगळ्या झाडाचे पराग लागतात, आणि एकाच झाडाच्या कांड्या गल्लीभर वाटलेल्या असतील तर ती सारी झाडे एकच धरली जातात. फळ न येणे हा दोष नाही.

कुठे थांबावे

प्रजाती कळली की थांबावे. सेरियस हिल्डमॅनियानस, रिपँडस आणि जमाकारू या जातींमधला निवाडा मूळ ठिकाण माहीत नसलेल्या कुंडीतील झाडावरून अनेकदा तज्ज्ञही करीत नाहीत, शिवाय बागांतून संकरही भरपूर फिरतात. या गोंधळाचे वय मोठे आहे. 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने सगळे निवडुंग कॅक्टस या एकाच प्रजातीत टाकले, पुढच्याच वर्षी इंग्रज उद्यानतज्ज्ञ मिलरने सेरियस वेगळी काढली, आणि तेव्हापासून नावे हलतच आहेत. "सेरियस पेरुव्हियानस" ही पाटी आजही सर्रास मिळते. त्या पाटीमागचे झाड बहुधा हिल्डमॅनियानस असते आणि ते पेरू देशातून आलेले नसते.

काही ठिकाणी मात्र हौस बाजूला ठेवून माणूस बोलवावा. चीक डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, झाडाचा फोटो सोबत न्यावा. खोड बुडाशी मऊ झाले असेल, तर निवडुंग हाताळणाऱ्या माळ्याकडून निरोगी भागापर्यंत ते कापून घ्यावे. डोक्यापेक्षा उंच खांब पॅरापेटकडे कलला असेल, तर तो एकट्याने हलवू नये. आत बहुतेक पाणीच असते आणि त्याचे वजन अंदाजापेक्षा कितीतरी जास्त भरते. आणि खोड किंवा गर खाण्याचा, काढा करण्याचा विचार कोणाच्याही डोक्यात असेल, तर इथे पूर्णविराम द्यावा, कारण युफोर्बिया दाहक आहे आणि ट्रायकोसेरियसच्या काही जातींत मेस्कलीन हे मनावर परिणाम करणारे द्रव्य असते.

फूल पाहूनही प्रजाती ठरत नसेल, तर अमरावती रस्त्यावरील नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील केंद्रात विचारावे. हरियाणातील पंचकुला येथे 1987 पासूनचे राष्ट्रीय निवडुंग उद्यान आहे. तिकडे जाणे झाले तर उभ्या निवडुंगांच्या रांगा पाटीसह पाहायला मिळतात. तज्ज्ञाला झाड नेऊन दाखवणे शक्य नसते, म्हणून या गोष्टी न्याव्यात: पूर्ण झाडाचा माणूस शेजारी उभा करून काढलेला फोटो, दोऱ्याजवळच्या भागाचा फोटो, शेंड्याचा वरून काढलेला फोटो, पट्टीसह पाच गाद्यांचे फोटो, आणि उभे चिरलेले एक फूल, झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून. बाटलीवर तारीख आणि फूल उमलल्याची वेळ पेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई स्पिरिटच्या पहिल्याच थेंबाने पसरते.